मोटारीची चुकलेली ठिणगी

ज्याला गॅरेजात ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात, तो या व्याख्यानाचा विषय आहे. इंजिन चालू असते, गाडी जागची हलतेही, पण चालण्यात लय नसते. उभी असताना सारे बॉनेट थरथरते, चढावर गाडी कुंथते, सायलेन्सरमधून मधूनच ‘फट्’ असा आवाज निघतो आणि पेट्रोल मात्र नेहमीपेक्षा अधिक लागते. असे होण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी विजेच्या बाजूची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतील कारणे कशी शोधावीत, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

तत्त्वज्ञान, साहित्य आणि अर्थकारण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे प्लग आणि कॉइल यांची कथा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले पोटाचे आहे. टॅक्सी, रिक्षा किंवा मालाचा टेंपो चालवणाऱ्याची गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते. आणि बिघाड नक्की न शोधता एकामागून एक भाग बदलत गेल्यास कमाईबरोबर शिल्लकही जाते. दुसरे उत्तर असे की, बिघाड शोधण्याची एक रीत आहे, आणि कामगार चळवळीत ज्या खातेनिहाय चौकशांत आमची हयात गेली, त्यांच्या रीतीहून ती फारशी निराळी नाही. तक्रार ऐकावी, संशयितांची यादी करावी, पुरावा घ्यावा, ज्याच्याविरुद्ध पुरावा नाही त्याला मोकळे करावे आणि मगच शिक्षा सांगावी. गॅरेजात बहुधा उलटे चालते. शिक्षा आधी होते, म्हणजे प्लग बदलले जातात. आणि चौकशी सुरू होते ती गाडी पुन्हा थरथरू लागल्यावर.

ठिणगीचे काम

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात दट्ट्या चार फेरे करतो. पहिल्या फेऱ्यात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. पुस्तकांत याला ‘शोषण’ म्हणतात. आमच्या चळवळीत या शब्दाचा अर्थ वेगळा असला तरी येथे तो निरुपद्रवी आहे. दुसऱ्या फेऱ्यात मिश्रण दाबले जाते, तिसऱ्यात ते पेटून दट्ट्याला खाली ढकलते आणि चौथ्यात जळका धूर बाहेर जातो. म्हणजे चार फेऱ्यांत कमाईचा फेरा एकच, बाकीचे तीन खर्चाचे. दुसरा फेरा संपता संपता ठिणगी पडली नाही, तर तो कमाईचा फेराही वाया जातो आणि न जळलेले पेट्रोल धुराच्या वाटेने निघून जाते.

आता थोडा हिशेब करू. चार फेऱ्यांत इंजिनाच्या दांड्याची दोन आवर्तने होतात. इंजिन मिनिटाला ३,००० आवर्तने करीत असेल, तर एका सिलिंडराला मिनिटात १,५०० ठिणग्या लागतात. चार सिलिंडरांना ६,०००. म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या, आणि त्यातली प्रत्येक नेमक्या क्षणी. चारांतील एक सिलिंडर गळाला तर जोर केवळ पाव हिश्शाने कमी होतो असे नाही. उरलेल्या तिघांना गाडीही ओढावी लागते आणि कामातून गेलेल्या चौथ्याचा दट्ट्याही हलवावा लागतो.

बारा व्होल्टांचे वीस हजार कसे होतात

गाडीची बॅटरी १२ व्होल्टांची. दाबलेल्या मिश्रणातून, प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडून ठिणगी उडवायला मात्र हजारो व्होल्ट लागतात. ही फट जुन्या गाड्यांत सुमारे अर्धा ते पाऊण मिलिमीटर असे. आजच्या गाड्यांत ती बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटर असते. हा चमत्कार ज्या तत्त्वावर चालतो, ते विद्युत्‌प्रवर्तनाचे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ साली शोधले. फॅरडे हा लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. १८१२ साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकायला गेला, त्याने टिपणे घेतली, ती बांधून डेव्हींना पाठवली, आणि त्यातून पुढे त्याचा त्या संस्थेत प्रवेश झाला. व्याख्यानमालांच्या श्रोत्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मोटारीच्या कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो वेढ्यांचे. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह सोडला की गाभ्यात चुंबकत्व साठते. तो प्रवाह एकाएकी तोडला की चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टांचा किंवा त्याहूनही अधिक दाब उत्पन्न होतो. वाहत्या पाण्याचा नळ झटकन बंद केला की चाळीतला सगळा पाइप दणका देतो, तसाच हा प्रकार. ठिणगी प्रवाह सुरू केल्याने पडत नाही, तोडल्याने पडते. यासाठीच तोडणे जितके झटपट आणि स्वच्छ, तितकी ठिणगी जोरकस.

बॅटरी, कॉइल आणि प्रवाह तोडणारा पॉइंट यांची मोटारीला सोयीची जुळणी अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने केली आणि ती १९१० च्या कॅडिलॅक गाडीत बसवली गेली. त्याच्या कंपनीचे नाव डेल्को. आपल्याकडील कित्येक मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला आजही ‘डेल्को’ म्हणतात, ते नाव तेथून आले.

ठिणगीची वाट

ही जुनी रचना समजली की नवी समजायला वेळ लागत नाही. म्हणून उदाहरणासाठी आम्ही प्रीमियर पद्मिनी घेतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालची; वीस वर्षांची मुदत भरून ती ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. चार सिलिंडरांचे, १,०८९ घनसेंटिमीटरचे तिचे इंजिन कित्येक मिस्त्र्यांची शाळा होती.

या गाडीत प्रवाह बॅटरीतून किल्लीच्या स्विचकडे, तेथून कॉइलच्या जाड वेटोळ्याकडे आणि तेथून डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटकडे जातो. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम हा पॉइंट उघडतो आणि प्रवाह तुटतो. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर तुटणारा प्रवाह क्षणभर स्वतःत सामावून घेतो, म्हणून पॉइंटच्या तोंडाशी जाळ होत नाही. कॉइलमध्ये निर्माण झालेला मोठा दाब मधल्या जाड वायरीने डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत येतो. आत फिरणारा रोटर तो एकेका सिलिंडराच्या वायरीला वाटतो, आणि वायर तो प्लगला पोचवते. पद्मिनीत वाटपाचा क्रम १, ३, ४, २ असा असे.

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत पॉइंट, रोटर आणि टोपी गेली. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते आणि प्रवाह केव्हा तोडायचा हे गाडीतला संगणक ठरवतो. मधल्या काळातील काही गाड्यांत दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल असे. वाट आखूड झाली; तत्त्व फॅरडेचेच राहिले.

पहिला प्रश्न: एक की सगळे?

बिघाड एका सिलिंडराचा आहे की सर्वांचा, हे आधी ठरवावे. हा प्रश्न सुटला की संशयितांची यादी निम्म्याहून लहान होते.

सर्व सिलिंडर अनियमितपणे चुकत असतील, तर दोष सर्वांच्या सामायिक वाटेवर आहे: बॅटरीचे सांधे, स्विच, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, मधली वायर, रोटर. एकच सिलिंडर चुकत असेल, तर ज्या वस्तू त्या एकाच्याच मालकीच्या आहेत तेथे पाहावे: त्याचा प्लग, त्याची वायर, टोपीतील त्याचे घर, आणि आजच्या गाडीत त्याची कॉइल व तिचा जोड. दोन सिलिंडर चुकत असतील, तर त्या दोघांत समान काय ते विचारावे. टोपीला तडा गेला की ठिणगी शेजारच्या घरात उडी मारते. येथे शेजार इंजिनातला नव्हे, टोपीवरचा धरायचा. पद्मिनीच्या टोपीवर १ चा एक शेजारी ३ असतो. दोघांत एक कॉइल असलेल्या चार सिलिंडरांच्या गाडीत बहुधा १ व ४ ची किंवा २ व ३ ची जोडी एकदम गळते. प्लग बदलल्यानंतरच दोन सिलिंडर गळाले असतील, तर वायरींची अदलाबदल झाली आहे का, हे सर्वांआधी पाहावे.

कोणता सिलिंडर गळाला हे शोधण्याची जुनी रीत अशी: गाडी उभी ठेवून इंजिन संथ चालू द्यावे आणि एकेका प्लगचे काम बंद करावे. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन आणखी लंगडते. ज्याला बंद केल्याने काहीच फरक पडत नाही, तो आधीच संपावर होता असे समजावे.

मात्र चालू इंजिनाची प्लगची वायर हाताने उपटू नये. धक्का जोरदार बसतो. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने तर या कामाच्या जवळही जाऊ नये. आजच्या गाडीत कॉइल मोकळी सोडून चालवली तर कॉइल आणि संगणक दोन्ही बिघडू शकतात. तेथे त्या सिलिंडराच्या इंजेक्टरचा जोड काढणे बरे. म्हणजे न जळलेले पेट्रोलही धुरात जात नाही.

प्लगची साक्ष

संशयित सिलिंडराचा प्लग इंजिन गार झाल्यावर काढावा आणि पुसण्याआधी पाहावा. पुसलेला प्लग म्हणजे फाडलेली हजेरीवही. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडराची प्रकृती ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात असावे. तेलकट काळा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हकडून तेल येत आहे, आणि तो दोष विजेचा नाही. पांढराफटक असेल तर सिलिंडर फार तापतो आहे. प्लग पेट्रोलने ओला निघाला, तर पेट्रोल पोचते आहे आणि ठिणगी पोचत नाही, असा दाट संशय घ्यावा. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी फट सोडून बाहेरच्या अंगाने निसटते आहे, हे नक्की. असा प्लग आणि त्याला लागून असलेले रबरी टोपण दोन्ही बदलावेत. एकच बदलल्यास जुने नव्याला बिघडवते.

प्लग बाहेर काढून ठिणगी पडताना दिसली की पुष्कळ जण त्याला निर्दोष ठरवतात. हा निकाल घाईचा आहे. बाहेरच्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरात हवा दाबलेली असते आणि तिला भेदायला कितीतरी अधिक व्होल्ट लागतात. म्हणून रुंद फटीचा ठिणगी तपासण्याचा टेस्टर लावावा. त्याची फट ओलांडणारी निळसर-पांढरी, कडकडणारी ठिणगी विश्वासाची. पिवळट, बारीक, मधूनच चुकणारी ठिणगी कॉइलच्या किंवा तिला मिळणाऱ्या प्रवाहाच्या अशक्तपणाची.

बिघाड केव्हा होतो, हे विचारावे

चालकाला नीट विचारले तर निम्मे निदान तेथेच होते. गाडी सपाट रस्त्यावर ठीक आणि चढावर चुकते, असे तो म्हणाला तर कारण पाहा: चढावर सिलिंडरात अधिक मिश्रण भरते, दाब वाढतो, ठिणगीला अधिक व्होल्ट लागतात, आणि वायरीचे किंवा कॉइलचे जे आवरण कमकुवत असेल ते नेमके त्या वेळी हार खाते. विजेला प्लगच्या फटीपेक्षा फाटलेल्या आवरणातून इंजिनाच्या अंगावर उतरणे सोपे जाते.

‘गॅसवर चुकते, पेट्रोलवर चालते’ ही टॅक्सीवाल्यांची तक्रारही याच जातीची. सी.एन.जी. पेटवायला पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्ट लागतात. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल गॅसवर आधी उघडी पडते. अशा वेळी गॅसच्या किटला दोष देण्यापूर्वी प्लगची फट मोजावी.

पावसाळ्यात सकाळी चुकते आणि ऊन पडल्यावर सुधारते, असे असेल तर ओल हीच साक्षीदार. टोपी, वायरी आणि कॉइल यांच्यावर बारीक तडे असतात. त्यांत दमटपणा शिरला की वीज तेथून वाट काढते. रात्री अंधारात बॉनेट उघडून पाहिल्यास अशा जागी निळसर ठिणग्या चमकताना दिसतात. कोरड्या दिवसांत पाण्याचा अगदी हलका फवारा एकेका वायरीवर मारून हाच पुरावा मिळवता येतो. मात्र हात, सैल कपडे आणि वायरींचे तुकडे पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवावेत.

अर्ध्या तासाने, इंजिन तापल्यावर चुकते आणि थंड झाल्यावर पुन्हा नीट चालते, असे असेल तर कॉइल किंवा जुन्या गाडीत कंडेन्सर संशयित. उष्णतेने आतील तार किंचित ताणते आणि तुटका सांधा उघडतो. अशी कॉइल थंडपणी मीटरवर निर्दोष ठरते. तिची साक्ष गरम असतानाच घ्यावी. पॉइंट वारंवार जळत असतील तर पॉइंट घासत बसू नये. त्यांना जाळणारा कंडेन्सर बदलावा.

परतीची वाट

बॅटरीतून निघालेल्या प्रवाहाला बॅटरीकडे परतही यावे लागते. ही परतीची वाट म्हणजे इंजिन, सांगाडा आणि त्यांना जोडणारी अर्थची वायर. हिच्याकडे कोणी पाहत नाही. तिच्या टोकाला हिरवा गंज चढतो, बोल्ट सैल होतो, आणि अशक्त ठिणगीचा दोष कॉइलवर येतो.

अशी वायर टेस्टलॅम्पने किंवा नुसते टोकाला टोक लावून तपासू नये. दहा तारांपैकी नऊ तुटल्या असल्या तरी उरलेली एक मीटरला ‘हजर’ म्हणून सांगते. प्रवाह वाहत असताना तपासावे. मल्टीमीटरचे एक टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावून स्टार्टर मारावा. चांगल्या वाटेवर व्होल्ट जवळजवळ दिसत नाहीत; अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसले तर ती वाट खराब आहे. हीच तपासणी कॉइलकडे येणाऱ्या वाटेवर, किल्ली चालू ठेवून करता येते. खर्च काही नाही, वेळ पाच मिनिटे.

संगणकाची तक्रार

आजच्या गाडीत सिलिंडर चुकला की संगणक नोंद करतो. पी-०३०१ ते पी-०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिला ते चौथा सिलिंडर. पी-०३०० म्हणजे अनेक सिलिंडर वाटेल तसे चुकतात. हे त्याला कसे कळते? दर कमाईच्या फेऱ्याला इंजिनाचा दांडा किंचित वेग घेतो. ज्या वेळी तो घेत नाही, त्या वेळी पाळी कोणाची होती हे संगणक पाहतो. म्हणजे कोणी काम केले नाही एवढेच त्याला ठाऊक असते, का केले नाही हे नाही. ती नोंद तक्रार आहे, निकाल नव्हे. ती पाहून लगेच कॉइल मागवणारा मिस्त्री मुकादमाच्या शब्दावर माणूस काढणाऱ्या मालकासारखा वागतो.

येथे अदलाबदलीची कसोटी फार उपयोगी पडते. दुसऱ्या सिलिंडराची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी; बाकी काही हलवू नये. तक्रार कॉइलबरोबर तिसऱ्यावर गेली तर कॉइल दोषी. दुसऱ्यावरच राहिली तर कॉइल सुटली. आता त्याच रीतीने प्लग, मग जोड व वायर. एका वेळी एकच वस्तू हलवावी, एरवी पुरावा मिसळतो. विजेच्या सर्व साक्षी निर्दोष निघाल्या, तर इंजेक्टर, हवेची गळती आणि सिलिंडरचा दाब यांकडे वळावे.

इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला तर मात्र चौकशी उद्यावर टाकू नये. न जळलेले पेट्रोल धुराच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाग वितळवू शकते. तो प्लगपेक्षा कित्येक पटींनी महाग आहे.

चौकशीविना शिक्षा

आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणात एका संस्थेच्या चालकावर असा आरोप होता की, त्याने गाडी निष्काळजीपणे हाकल्याने तिचे इंजिन बिघडले. चार प्लग व एक कॉइल यांची किंमत पगारातून कापण्याचे ठरले होते. चौकशीत आम्ही तीन प्रश्न विचारले: कोणता सिलिंडर चुकत होता? काढलेले भाग कोठे आहेत? नवे भाग घातल्यावर गाडी सुधारली का? पहिल्याचे उत्तर कोणाकडे नव्हते. भाग भंगारात गेले होते. आणि गाडी सुधारली नव्हती. अखेर दुसऱ्या मिस्त्र्याने इंजिनाची अर्थची वायर तपासली, गंजलेले टोक घासून आवळले, आणि गाडी चालू लागली. कपात रद्द झाली. नुकसानीसाठी पगार कापण्याआधी कामगाराला कारण दाखवण्याची संधी द्यावी, हे तत्त्व १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यातच घातलेले होते; पण संधी देऊनही उपयोग केव्हा, तर पुरावा कसा मागावा हे त्या कामगाराला ठाऊक असेल तेव्हा.

म्हणून गाडी बाळगणाऱ्या आणि हाकणाऱ्या प्रत्येकाला आमचे सांगणे एवढेच की, मिस्त्र्याला ‘काय बदलले?’ असे विचारण्याआधी ‘कशावरून?’ असे विचारावे, आणि काढलेला भाग परत मागावा. चांगल्या मिस्त्र्याला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट त्याच्या डोक्याच्या कामाची कदर होते, आणि त्या कामाचे दाम त्याला आनंदाने द्यावेत. प्लग बदलायला दहा मिनिटे पुरतात; कोणता बदलू नये हे कळायला वर्षे लागतात, आणि मजुरी त्या वर्षांची असते.